रोजकीर्द, डायरी आणि मोबाईलमधली वही

(बुलढाणा येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "रोजनिशीचा इतिहास". त्यांना बरं वाटलं. निवृत्त प्राध्यापक आहे, पेशव्यांच्या दफ्तरातलं काहीतरी सांगेल आणि वेळेत संपवेल, असं त्यांना वाटलं असणार. (हशा) पेशव्यांचं सांगणारच आहे. पण माझा खरा प्रश्न आजचा आहे, आणि थोडा घरचाही आहे. तो आधी सांगतो.

मी २०१५ पासून मोबाईलमध्ये रोजनिशी लिहितो. टिपणं ठेवायचं एक ॲप आहे, त्यात. आधी वहीत लिहायचो. मग डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. मोबाईलवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं. म्हणून तिकडे वळलो. आज त्यात दोन हजारांवर टिपणं आहेत. मागच्या दिवाळीत मुलगी आली होती. ती परदेशात असते. फराळ करता करता तिनं सहज विचारलं, "बाबा, तुमच्या त्या डायरीचा पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय का?" प्रश्न व्यवहाराचा होता. माझं वय सत्तरच्या पुढे आहे, तिनं विचारायलाच हवं होतं. पण मला उत्तर देता आलं नाही. मी चिवड्याकडे बघत बसलो. (हशा)

रोजनिशी कोणाची असते? लिहिणाऱ्याची, त्याच्यामागे राहणाऱ्यांची, की इतिहासाची? चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न पडायला चिवडा लागला. आज त्याचंच उत्तर तुमच्यासमोर शोधतो आहे.

सुरुवात घरच्या ट्रंकेपासून करतो. माझ्या आजोबांचं मेहकरकडे किराणा-कापडाचं छोटं दुकान होतं. त्यांच्या वह्या आमच्याकडे होत्या. लांबट, लाल कापडी बांधणीच्या, मोडीत लिहिलेल्या. ती रोजकीर्द. रोजची जमा आणि रोजचा खर्च. पुढे ती खतावणीत खात्याप्रमाणे उतरायची. लहानपणी त्या वह्यांवर आम्ही पतंगासाठी डोळा ठेवून होतो. मोठेपणी त्या वाचायच्या ठरवल्या तेव्हा लक्षात आलं की घरातल्या एकालाही मोडी येत नाही. वडिलांना येत होती, पण ते गेले होते. शेवटी एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांना बसवलं.

त्यांनी पानांमागून पानं वाचली. गूळ, तेल, उधारी, बैलाचा पत्रा. मी कंटाळलो होतो. मग शके १८४० चा आश्विन आला. इंग्रजी हिशेबानं १९१८ चा ऑक्टोबर. ज्यांना इतिहास माहीत आहे त्यांच्या लक्षात आलं असेल. ती इन्फ्लुएंझाची साथ होती, आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्या महिन्यात आजोबांच्या वहीत तीन दिवस जमा काहीच नाही. दुकान बंद. खर्चाच्या बाजूला दोनच बाबी: लाकडं आणि कोरं कापड. चौथ्या दिवशी पुन्हा गूळ आणि तेल.

वाचणारे गृहस्थ थांबले. मीही थांबलो. आमची आजी ही आजोबांची दुसरी बायको, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. पहिली कधी गेली, कशानं गेली, हे कुणी बोललेलं नव्हतं. तिचं नावही त्या वहीत नाही. पण ती त्या दोन बाबींत आहे. आजोबांनी रोजनिशी लिहिली नव्हती. त्यांनी हिशेब लिहिला होता. तरीही तिच्या मृत्यूची आमच्या घरातली एकमेव नोंद तीच आहे.

आता जरा मोठ्या दफ्तराकडे येऊ. मराठीत 'रोजनिशी' हा शब्द आपण आज खासगी अर्थानं वापरतो, पण त्याचं मूळ कचेरीतलं आहे. पेशव्यांची रोजनिशी म्हणजे पेशव्यांच्या मनातले विचार नव्हेत. कोणाला इनाम दिलं, कोणता तंटा कसा निकालात काढला, कुठे किती सूट दिली, याची ती दफ्तरी नोंद. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी पुण्याच्या दफ्तरातून त्यातले वेचे काढले. १९०० मध्ये, म्हणजे मृत्यूच्या थोडं आधी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी त्यांच्यावर प्रस्तावनेदाखल निबंध वाचला. त्यांचा मुद्दा साधा होता. बखरी आणि इंग्रजांनी लिहिलेले इतिहास लढाया सांगतात, राजे सांगतात. लोक कसे जगत होते, कर कसा भरत होते, न्याय कसा मिळत होता, हे या कोरड्या नोंदींतून कळतं. आजोबांच्या वहीतली लाकडं आणि कापड मला दिसली तेव्हा रानड्यांचं म्हणणं नीट समजलं.

दुसरं उदाहरण जेधे शकावलीचं. शकावली म्हणजे शकाप्रमाणे, तिथीप्रमाणे घडलेल्या गोष्टींची एक-एक ओळ. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात ती होती. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी तिच्यात आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आपण आज पाळतो, तिच्यामागे अशा एका घरगुती टाचणाचं बळ आहे. आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाला, जिजाऊंचा जन्म झाला. तिथे उभं राहिलं की मला नेहमी वाटतं, त्या वाड्यात रोज काय घडलं याची एक वही सापडली असती तर!

याच्या उलट उदाहरण विष्णुभट गोडशांचं. कोकणातल्या वरसईचे हे गृहस्थ १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले. 'माझा प्रवास' हे पुस्तक आपण आवडीनं वाचतो. पण ते त्या दिवसांत लिहिलेलं नाही. सुमारे पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेलं आहे. आणि चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ते छापलं तेव्हा त्यात फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये ते पुन्हा काढलं, तेव्हा कुठे वाचकाला फरक दिसला. फरक दिसू शकला, कारण मूळ कागद शिल्लक होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, मोबाईलकडे आल्यावर लागणार आहे.

आता आपल्या वऱ्हाडातला सगळ्यात मोठा रोजनिशीकार. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, म्हणजे अमरावतीचे दादासाहेब. जन्म १८५४, मृत्यू १९३८. नामांकित वकील, टिळकांचे निकटचे सहकारी, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष. या माणसानं अनेक वर्षं डायऱ्या लिहिल्या, इंग्रजीत. त्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली, ते मंडालेला गेले, आणि दादासाहेब त्यांच्या अपिलासाठी विलायतेला गेले. १९१० मध्ये परतले आणि त्याच डिसेंबरात शिर्डीला साईबाबांकडे गेले. पुढच्या वर्षी डिसेंबरात पुन्हा गेले ते मार्चपर्यंत राहिले. त्या दिवसांची पानं 'शिर्डी डायरी' म्हणून छापली गेली. आज हजारो भाविक ती वाचतात.

आता गंमत पाहा. भाविक ती चमत्कारासाठी उघडतात. आणि आत काय मिळतं? सकाळी लवकर उठलो, प्रार्थना केली. काकड आरती झाली. साईमहाराजांना बाहेर जाताना पाहिलं, परत येताना पाहिलं. 'पंचदशी' वाचली, 'परमामृत' वाचलं. अमुक गृहस्थ भेटायला आले, बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी जवळजवळ तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या एका मित्रानं ती डायरी वाचून सांगितलं, "यात काहीच घडत नाही रे." मी म्हटलं, "अरे, तेच तर घडतंय." देशातला एक धडाडीचा वकील आणि राजकारणी रोज काहीही न घडवता एका मशिदीसमोर बसतो आहे. त्यानं हे भावनेनं रंगवून लिहिलं असतं तर आपण त्यावर शंका घेतली असती. त्यानं फक्त वेळा लिहिल्या, म्हणून विश्वास बसतो.

आणि काय लिहिलं नाही, तेही पाहायला हवं. टिळक तुरुंगात आहेत, त्यांच्या माणसांवर सरकारची नजर आहे. अशा वेळी वकील माणूस डायरीत काय लिहू नये हेही जाणत असणार. हे माझं अनुमान आहे, पण डायरी वाचताना हे अनुमान करावंच लागतं. खासगी डायरीसुद्धा पूर्ण खासगी नसते. लिहिणाऱ्याच्या खांद्यामागे कोणीतरी उभं असतं. कधी पोलीस, कधी बायको, कधी देव, कधी नातवंडं.

दादासाहेबांना ठाऊक होतं का, की शंभर वर्षांनी बुलढाण्यातला एक म्हातारा त्यांच्या सकाळी उठण्याच्या वेळेवर भाषण करेल? (हशा) त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांच्या मागे वह्या राहिल्या, त्या कोणीतरी जपल्या, आणि त्या उघडायला पासवर्ड लागला नाही.

पासवर्डचा विषय निघाला म्हणून एक परदेशी गोष्ट सांगतो. सॅम्युअल पीप्स नावाचा इंग्रज अधिकारी. त्यानं १६६० ते १६६९ अशी डायरी लिहिली. लंडनचा प्लेग आणि मोठी आग त्यात आहे. ती त्यानं लघुलिपीत लिहिली, म्हणजे एक प्रकारचं कुलूपच लावलं. डोळे जातील या भीतीनं त्यानं लिहिणं थांबवलं. माझ्यासारखाच, फक्त त्याच्याकडे मोबाईल नव्हता. त्याच्यामागे वह्या केंब्रिजच्या एका कॉलेजात गेल्या. एकोणिसाव्या शतकात एका तरुणानं जवळजवळ तीन वर्षं खपून ती लिपी उलगडली. पुढे लक्षात आलं की त्या लघुलिपीचं पुस्तक पीप्सच्याच ग्रंथसंग्रहात, त्याच इमारतीत होतं. त्यानं कुलूप लावलं होतं, पण किल्ली फेकून दिली नव्हती. किल्ली घरातच ठेवली, आणि शोधणाऱ्यावर सोडून दिलं.

आता मोबाईलकडे येतो. त्याची निंदा करायला मी इथे आलेलो नाही. मी रोज वापरतो.

माझा एक विद्यार्थी आहे, मोताळा तालुक्यातला. एम. ए. झाला, नोकरी लागली नाही, वावर करतो. सोयाबीन, तूर, थोडी कपाशी. तो मोबाईलमध्ये रोज लिहायचा. किती पाऊस झाला, कोणती फवारणी केली, मजूर किती, बाजारात भाव काय. मी विचारलं, वहीत का नाही लिहीत? तो म्हणाला, "सर, वही वावरात भिजते. मोबाईल खिशात राह्यते." बरोबर होतं त्याचं.

त्याच्या नोंदीत एक सुंदर गोष्ट होती. तुम्हाला भेंडवळची घटमांडणी माहीत आहे. जळगाव जामोद तालुक्यातलं गाव. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोल आकारात अठरा धान्यं, मध्ये खड्डा, त्यात मातीची चार ढेकळं पावसाळ्याच्या चार महिन्यांची, वर पाण्याची घागर, पुरी, करंजी, पानविडा. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय विखुरलं ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. ऐकायला दुरून शेतकरी येतात. हा मुलगा दर वर्षी ते भाकीत मोबाईलमध्ये लिहायचा, आणि दिवाळीनंतर त्याच टिपणाखाली प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचा. मी म्हटलं, मग? काय निघालं? तो हसला. "काही जमलं, काही नाही जमलं, सर. पन आता मी भाकीत आयकून पेरत नाही, मागच्या नोंदी पाहून पेरतो."

मी वर्गात चाळीस वर्षं प्रमाणशास्त्र शिकवलं. या मुलानं ते वावरात केलं. श्रद्धेची टिंगल नाही, वाद नाही. फक्त दोन तारखा एकाखाली एक.

पुढचं ऐका. एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी त्याच्या वावरात शिरलं. पीक विम्याच्या योजनेत तेव्हा असं स्थानिक नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. त्यानं कळवलं होतं. तारीख, वेळ, मिळालेला तक्रार क्रमांक, सगळं टिपणात होतं. काही दिवसांनी विहिरीतली मोटर काढताना मोबाईल पाण्यात गेला. नेटचे पैसे वाचावेत म्हणून त्यानं बॅकअप बंद ठेवलेला. चार वर्षांच्या नोंदी गेल्या, आणि तो क्रमांकही गेला. पुढे कचेरीत त्याला विचारलं, कळवल्याचा पुरावा काय? तो मला म्हणाला ते वाक्य मी माझ्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. "पावसानं नेलं ते नेलं, सर. पन मी हारलो नोंदीपायी."

आता तो पुन्हा मोबाईलवरच लिहितो. पण दर रविवारी आठवड्याचं सार भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेत पेनानं उतरवतो. हसू नका. कालनिर्णय १९७३ पासून आहे, आणि महाराष्ट्रातल्या किती घरांची रोजनिशी तीच आहे! दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लावला, गाय कधी फळली. आपल्या बायकांनी लिहिलेला इतिहास शोधायचा असेल तर आधी जुनी कॅलेंडरं शोधा, जर ती रद्दीत गेली नसतील तर.

आता थोडं तत्त्वज्ञान, नाहीतर माझी पदवी वाया जाईल. (हशा) आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाचे दोन भाग करतात, अनुभव आणि स्मृती. स्मृती ही मनावर राहिलेल्या संस्कारातून उठते, ती नवं काही पकडत नाही. म्हणून नैयायिक तिला प्रमेचा दर्जा देत नाहीत. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही चार प्रमाणं, त्यात स्मृती नाही. मग मी दहा वर्षांपूर्वीचं माझंच टिपण वाचतो, तेव्हा ते काय असतं? बऱ्याचदा ते वाचून मला काहीही आठवत नाही. म्हणजे ती स्मृती नव्हे. ते शब्दप्रमाण आहे. विश्वासू माणसाची साक्ष. तेव्हाचा मी हा आताच्या माझ्यासाठी दुसरा माणूस, एक साक्षीदार आहे. त्यानं सांगितलं म्हणून मी मानतो.

म्हणून प्रश्न येतो, हा साक्षीदार विश्वासू आहे का? कागदावर खोडलेलं दिसतं. शाई बदललेली दिसते. गोडशांच्या मजकुरातले फेरफार दिसले ते मूळ हस्तलिखितामुळे. मोबाईलमध्ये मी आज बसून २०१६ चं टिपण बदललं, तर वाक्य सफाईदार होतं आणि जखम दिसत नाही. फार तर 'संपादित' म्हणून एक तारीख दिसते. मी हे केलेलं आहे, खोटं कशाला बोलू? एका भांडणाचं टिपण मी दोन वर्षांनी मऊ केलं. आता खरं भांडण किती कडू होतं ते मलाच माहीत नाही. साक्षीदाराला मीच पढवून ठेवलं!

१९९८ मध्ये अँडी क्लार्क आणि डेव्हिड चामर्स या दोघांनी एक लेख लिहिला. त्यात ऑटो नावाचा कल्पित माणूस आहे. त्याला अल्झायमर आहे. संग्रहालयाचा पत्ता तो वहीत पाहतो आणि जातो. दुसऱ्या बाईला तोच पत्ता डोक्यात आठवतो आणि ती जाते. त्यांचं म्हणणं, ऑटोची वही हा त्याच्या मनाचाच भाग का मानू नये? तेव्हा मी वर्गात यावर भरपूर शंका काढल्या होत्या. आता काढत नाही. औषध घेतलं की नाही हे मी मोबाईलला विचारतो. पण त्यांचं मान्य केलं तर दोन गोष्टी ओघानं येतात. त्या मुलाचा मोबाईल विहिरीत पडला तेव्हा त्याच्या मनाचा तुकडा बुडाला. आणि माझ्या मुलीनं पासवर्ड मागितला तेव्हा तिनं नकळत माझ्या मनाच्या आत यायची परवानगी मागितली.

कागदात आणि ॲपमध्ये आणखी एक फरक आहे, तो मला अंगावर आल्यावर कळला. माझी पत्नी २०१९ मध्ये गेली. आजारपण लांबलं होतं. त्या महिन्यांत मी रोज लिहायचो, रात्री, दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून. थकवा लिहिला. राग लिहिला. तिच्यावरचा रागसुद्धा लिहिला. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला येतो तसला, नंतर लाज वाटणारा. ती गेली त्या दिवशी काही लिहिलं नाही. वर्षानं एका सकाळी मोबाईलनं आपणहून एक फोटो पुढे केला: मागच्या वर्षी, आजच्या दिवशी. औषधाच्या बिलाचा फोटो होता तो.

आजोबांची ट्रंक नव्वद वर्षं गप्प बसली होती. आम्ही उघडली तेव्हाच बोलली. वही वाट पाहते. ही नवी वही दार ठोठावते. तिला तिथी कळते, पण ती तिथी श्राद्धाची आहे की वाढदिवसाची, हे कळत नाही.

आणि टिकण्याचं काय? लोक मला म्हणतात, सर, डिजिटल म्हणजे कायमचं. मी त्यांना माझी एक फ्लॉपी दाखवतो. १९९० च्या दशकात मी काही टिपणं संगणकावर मराठीत टाइप केली होती, तेव्हाच्या एका फॉन्टमध्ये. तेव्हा प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा असायचा. ते फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. फॉन्ट गेला की समोर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. फ्लॉपी वाचणारं यंत्र एका मित्राकडे मिळालं, फाइल उघडली, आणि माझंच लिहिलेलं मला वाचता येईना. आजोबांची मोडी मी नव्वद वर्षांनी हरवली. माझं स्वतःचं लिखाण पंचवीस वर्षांत हरवलं. पुढे युनिकोड रुळलं म्हणून आज तुमचं मराठी कोणत्याही मोबाईलवर उमटतं. २०१४ मध्ये तर मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. अक्षरांचा प्रश्न बराचसा सुटला. पण ॲपचा सुटलेला नाही. ॲप विकलं जातं, बंद पडतं, फुकटचं होतं ते पैशाचं होतं. ऑर्कुट आठवतं? ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. किती जणांनी किती काय लिहिलं होतं तिथे! गूगलनं तर २०२३ मध्ये नियमच केला. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं. म्हणजे माणूस गेला की दोन वर्षांनी त्याची ट्रंक आपोआप जळू शकते. पीप्सच्या वह्या शंभराहून जास्त वर्षं कपाटात न वाचता पडून होत्या. आज पडून राहणं हीच मोठी चैन झाली आहे.

मग करायचं काय? मी काय करतो ते सांगतो, उपदेश म्हणून नव्हे.

आपल्या व्यापाऱ्यांची एक रीत होती. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा, पाडव्याला नवी वही. वर्षातून एकदा जुनं मिटायचं, शिल्लक पुढे ओढायची. मी तेच उचललं. दर दिवाळीआधी वर्षभराची टिपणं वाचतो. बाजारहाट, औषधं, पासवर्ड असलं सगळं काढून टाकतो. उरलेलं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवतो, म्हणजे कोणत्याही ॲपवर अवलंबून राहायला नको. आणि चांगल्या कागदावर छापून आजोबांच्याच ट्रंकेत ठेवतो. वर्षाची तीस-चाळीस पानं होतात. टिपणात बदल करायचा असेल तर जुनं पुसत नाही. खाली नवी तारीख घालून लिहितो, त्या शेतकरी मुलासारखं. आणि खात्याचं म्हणाल तर, मागे राहणाऱ्या माणसाला प्रवेश द्यायची सोय मोठ्या कंपन्यांकडे आहे. गूगलकडे २०१३ पासून, ॲपलकडे २०२१ पासून. सेटिंगमध्ये जाऊन एकदा नाव घालायचं असतं. घरी गेल्यावर करा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि आपण मृत्युपत्रासारखं पुढे ढकलतो.

मुलीचं नाव मी घातलं. तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, बाबा." एवढंच.

पण एक गोष्ट राहिली आहे. २०१९ ची पानं. ती अजून छापलेली नाहीत, आणि पुसलेलीही नाहीत. तत्त्वज्ञान सांगतं, तुझ्या मनावर तुझा अधिकार आहे, पूस. मी ज्या इतिहासावर तुमच्यासमोर तासभर बोललो तो सांगतो, आजोबांनी लाकडं आणि कापड लिहिलं नसतं तर ती बाई जगात होती हेसुद्धा कळलं नसतं. आजोबांना मात्र एक सोय होती. त्यांना फक्त खर्च लिहायचा होता. मी राग लिहून बसलो.

गेल्या महिन्यात मी ती पानं पुन्हा वाचली. राग आहे, तो खराच आहे. पण दोन टिपणांच्या मध्ये एक ओळ सापडली, ती मी साफ विसरलो होतो. तिनं त्या रात्री सीताफळ मागितलं होतं, आणि तो सीताफळाचा हंगाम नव्हता. मी गावभर फिरलो होतो. मिळालं नव्हतं. ते लिहिलं नसतं तर ते मला कधीच आठवलं नसतं, आणि राग पुसायला गेलो असतो तर तेही त्याच टिपणात पुसलं गेलं असतं.

म्हणून सध्या एवढंच ठरवलंय, की या दिवाळीला तो निकाल लावायचा. मुलगी येणार आहे. पानं तिच्यासमोर ठेवीन, आणि वाचायची की नाही हे तिलाच विचारीन. ती तिची आई होती. अधिकार माझा एकट्याचा आहे असं आता मला वाटत नाही.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ. आणि हो, मोबाईल बाहेर काढणारे तुम्ही टिपणं घेत असाल असं मी समजतो. (हशा) तारीख घाला त्यावर.